पत्र्याच्या पेटीतलं नेट

विवेकनं बॅगेतून ते काळं चपटं मशीन काढून ओटीवर ठेवलं, तेव्हा कृष्णाजीनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग लेकाकडं बघितलं आणि विचारलं, "कुणाच्या पोराचं खेळणं उचलून आणलंस?"

"माझंच आहे बाबा. गेमिंग कन्सोल."

"तुजं? दाढी पांढरी व्हायला आली, आन् खेळणं घेऊन एसटीत बसलास? कंडक्टरनं अर्धं तिकीट तरी द्यायचं व्हतं."

चंदाबाई चहा घेऊन आली म्हणून विषय तेवढ्यावर थांबला. विवेक हसला. बापाच्या बोलण्यावर हसायचं, हे त्यानं फार लहानपणीच ठरवून टाकलं होतं. बारावीनंतर तो पनवेलला गेला तो शिकायला, असं गाव म्हणे. चंदाबाईला खरं कारण ठाऊक होतं, पण ती कुणाजवळ बोलली नाही.

कृष्णाजी वीज खात्यात लाइनमन म्हणून चिकटला आणि लाइन इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाला. बोर्ली पंचतनच्या आसपासच्या वाड्यांत पहिला दिवा आपणच लावला, असं तो छाती काढून सांगे. दिवा लागला तेव्हा तो पाळण्यात होता, पण हे त्याच्या तोंडावर म्हणणार कोण? डॉक्टर, मास्तर, ग्रामसेवक, सगळ्यांची अक्कल त्यानं काढून झाली होती. कुणी काही नवं सांगायला लागलं की तो डोळे मिटून मान हलवी आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत म्हणे, "झालं तुजं?" अशा माणसाला शहाणं करायच्या भानगडीत गाव पडत नसे. गावाला दुसरी कामं होती.

त्याचा आवडता धंदा म्हणजे पेट्या. समुद्र त्याच्या वाडीतून दिसत नाही, पण खारी हवा डोंगर ओलांडून येतेच आणि घरातलं लोखंड खात बसते. नोकरीत असताना मीटरला पत्र्याची पेटी बसवायची त्याला सवय लागली, ती निवृत्तीनंतर व्यसन झाली. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरला पेटी. टीव्हीच्या स्टॅबिलायझरला पेटी. प्रत्येकीला करडा रंग, कुलूप आणि वर लाल रंगात काढलेली कवटी. एकदा तर त्यानं दारावरच्या बेलच्या बटणालाही पेटी केली. आलेला माणूस कवटी बघून बटणाला हात लावीना आणि बाहेरून हाक मारी. "बघितलंस?" कृष्णाजी बायकोला म्हणाला, "बेलची गरजच नव्हती." सगळ्या पेट्यांच्या चाव्या एका कडीत ओवून त्यानं कमरेला लावल्या होत्या आणि तो चाले तेव्हा त्या वाजत.

विवेकनं आईशी रोज व्हिडिओवर बोलता यावं म्हणून घरी ब्रॉडबँड घेऊन दिलं, तेव्हा बोर्लीचा कमलेश येऊन ओटीच्या भिंतीवर राउटर लावून गेला. आठवडा उलटायच्या आत कृष्णाजीनं त्यावरही पेटी ठोकली. पेटीच्या बुडाला वायरींसाठी फट होती. तिच्यातून जी काय रेंज गळेल ती खाली बसणाऱ्याला मिळे. कृष्णाजी तिथंच खुर्ची टाकून मोबाइल बघे. चंदाबाईही लेकाशी बोलायला तिथंच येऊन उभी राही. बाकी घरात नेट येतं की नाही, हे बघायची वेळच कधी आली नव्हती.

आता ती आली होती. विवेकच्या कंपनीनं कुठूनही काम करायची मुभा दिली होती. त्याची बायको नूतन सरकारी दवाखान्यात परिचारिका होती आणि तिला श्रीवर्धनकडं बदली मिळत होती. सोमवारी तिनं हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं तर पनवेलजवळच्या कामोठ्याची जागा सोडून दोघं कायमची घरी येणार होती. तिला सुट्टी नव्हती म्हणून विवेक एकटाच आला होता, फक्त एक गोष्ट बघायला. मागच्या खोलीत नेट चालतं का?

"हे मशीन तिथं वायफायवर नीट चाललं ना आई, की माझं ऑफिस झोपेत चालेल," तो म्हणाला. "मित्रांबरोबर ऑनलाइन खेळताना नेट एक क्षण जरी अडकलं तरी खेळ गेला. याच्याएवढी कडक परीक्षा दुसरी नाही."

"खेळून परीक्षा देतात व्हय आता?" कृष्णाजी म्हणाला. "शाळेत असताना द्यायच्या व्हत्या."

असं म्हणणाऱ्या या गृहस्थानं दिवाळीपासून काय केलं होतं, तर मागच्या खोलीला गिलावा करून घेतला होता, तिला रंग दिला होता आणि म्हसळ्याहून एक टेबल आणून खिडकीशी लावलं होतं. कुणी विचारलं तर, "भाताची पोती ठेवायला," असं सांगे. टेबलावर भाताची पोती कोण ठेवतं? त्याला पोरगा घरी हवा होता. इतका हवा होता की संध्याकाळी तो त्या रिकाम्या खोलीत जाऊन उगाच खिडकी उघडून लावून बघे. पण तोंडानं म्हणेल तर तो कृष्णाजी कसला!

टीव्ही मागच्या खोलीत नेला. विवेकनं मशीन जोडलं, सेटिंग उघडलं आणि पडद्यावर वायफायची नावं आली. शेजारपाजारची दोन दिसली. घरचं नाव सगळ्यात खाली, एका काडीच्या रेंजवर कसंबसं धरून होतं. त्यानं ते निवडलं. मशीननं पासवर्ड विचारला.

"पासवर्ड मी सांगत नसतो," कृष्णाजी म्हणाला. "हिकडं दे. मीच घालतो."

"बाबा, कंट्रोलरनं एकेक अक्षर शोधायला लागतं."

"मी खांबावर चढून अंधारात जोडण्या केल्यात. तू मला अक्षरं दाखवतोस?"

कंट्रोलर त्यानं पान्यासारखा मुठीत धरला. पडद्यावरचा चौकोन पाहिजे त्या अक्षराच्या पुढं जाई, मागं आणला की दोन घरं आणखी मागं पळे. शेजारपाजारच्यांनी चोरू नये म्हणून पासवर्ड त्यानं मारुतीच्या शेपटाएवढा लांब केला होता, तो आता त्याच्याच गळ्यात आला. तो दात-ओठ खात होता, घाम पुसत होता, मशीनच्या कंपनीला शिव्या घालत होता. "बघू नका रे कुणी," असं मधूनमधून म्हणत होता, आणि पासवर्ड तर मोठ्यांदा बोलूनच घालत होता. चंदाबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. विवेक भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

शेवटी पासवर्ड बरोबर पडला. मशीन जोडलं गेलं, खेळ उतरवायला लागलं, जरा थबकलं आणि तुटलं. विवेकनं पुन्हा जोडलं. पुन्हा तुटलं.

"भंगार हाय," कृष्णाजी म्हणाला. "चिनी माल. न्हायतर तो बोर्लीचा कमलेश नेट मधल्यामधे खात असंल."

विवेक ओटीवर गेला, वर बघून आला आणि जपून म्हणाला, "बाबा, राउटर पत्र्याच्या पेटीत आहे. वायफाय हवेतून येतं, पत्र्यातून ते बाहेर पडत नाही. दार जरा उघडून बघू या का?"

त्याच वेळी एसटीच्या थांब्यावरचा दुकानदार रतन वालाच्या शेंगा घेऊन आला होता. संध्याकाळी मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायचा बेत होता. परका माणूस समोर असला की कृष्णाजीचा आवाज चढे.

"ऐकलंस का रे रतन? आता हा मला पेटी शिकवणार. अरे, आख्ख्या तालुक्याचे मीटर माज्या पेट्यांत ऱ्हायले, कुणाच्या घरात अंधार झाला का? पेटीत घातलं म्हणून लाइट आली न्हाय, असं कुणी बोललं का? नेट वायरीतनं येतं, वायर पेटीत जाते. मंग आत जाणारं बाहेर का येत न्हाय? सांग की!"

"लाइट वायरीतूनच बाहेर जाते बाबा. वायफायला वायर नसते. हवं तर मी राउटरपासून खोलीपर्यंत वायर टाकतो."

"माज्या नव्या भिंतीला भोक पाडायचं? झालं तुजं?"

रतन शेंगांची पिशवी ठेवून गेला. चंदाबाईनं एकदा लेकाकडं आणि एकदा नवऱ्याच्या कमरेच्या चाव्यांकडं बघितलं. त्या संध्याकाळी पोपटी छान झाली. शेंगा मऊ शिजल्या होत्या, मडक्यातून भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास येत होता, पण खाणाऱ्यांपैकी फक्त एक जण बोलत होता आणि तोही कमलेशच्या सात पिढ्यांबद्दल.

दुसऱ्या दिवशी विवेक आईबरोबर शेतावर गेला. जाताना मशीन चालूच ठेवून गेला, मधेच रेंज आली तर खेळ थोडाथोडा तरी उतरेल म्हणून. कृष्णाजी घरात एकटाच होता. करायला काही नव्हतं, तेव्हा त्यानं कुलपांना तेल घालायला काढलं. राउटरची पेटी उघडली, आतली कोळिष्टकं पुसली, आणि मागच्या खोलीतून टुणकन आवाज आला.

तो बघायला गेला. पडद्यावर रेंजच्या सगळ्या काड्या भरल्या होत्या. खेळ उतरवायची पट्टी काल दिवसभरात बोटभरही सरकली नव्हती, ती आता त्याच्या डोळ्यांदेखत पळत होती.

कृष्णाजी ओटीवर आला. पेटीचं दार लावलं. परत खोलीत गेला. काड्या गेल्या होत्या, पट्टी थांबली होती. तो पुन्हा ओटीवर आला, दार उघडलं, पुन्हा गेला. काड्या हजर. मग तो नव्या टेबलाशी बसला.

पोरगा बरोबर होता. इतकं सोपं, इतकं उघडं आणि रतनच्या देखत सांगितलेलं. कृष्णाजीला लाज वाटली. लाज वाटली की तो एरवी लगेच कुणावर तरी ओरडे आणि ती उतरे. पण घरात ओरडायला कुणीच नव्हतं, त्यामुळं ती बराच वेळ अंगावर तशीच राहिली.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? राउटर बाहेर काढला असता, लेक आल्यावर, "तुजं खरं व्हतं," एवढं म्हटलं असतं आणि जेवायला बसला असता. यानं काय केलं? पेटीचं दार अर्धवट उघडं ठेवलं आणि कुणाला दिसू नये म्हणून त्यावर आपला ओला टॉवेल वाळत घातला.

दुपारी विवेक आला, खोलीत गेला आणि तिथूनच ओरडला, "आई! आलं! फुल रेंज आहे!"

त्यानं कानाला हेडफोन लावून मित्रांना बोलावलं. मग आईलाही ऐकू यावं म्हणून आवाज टीव्हीवर घेतला. कुणी ठाण्याहून, कुणी पुण्याहून, चारी दिशांनी पोरं एकाच वेळी खोलीत बोलायला लागली. चंदाबाईला खेळातलं काही कळत नव्हतं, पण लेक शाळेतल्यासारखा खिदळत होता आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

"मंग ऱ्हातोस ना?" तिनं विचारलं.

"राहतो की! नूतनला संध्याकाळी सांगतो." दाराशी उभ्या बापाकडं बघून तो मोकळेपणानं हसला. "पण आलं कसं बाबा?"

इतका सोपा प्रश्न होता. उत्तर तर त्याहून सोपं होतं. कृष्णाजीनं घसा साफ केला.

"त्या कमलेशला फोन लावला. असा झाडला, असा झाडला, म्हटलं, मी कोण हाय ठाऊक हाय का? लगेच सरळ आला. या लोकांना दम दिल्याबिगर जमत न्हाय."

"खरंच? थांबा, त्याला थँक्यू म्हणतो," विवेक म्हणाला. पोरगा भाबडा. त्यानं लगेच फोन लावला, स्पीकरवर.

"काकांचा फोन? मला न्हाय आला," कमलेश म्हणाला. "मी सकाळपासून दिवेआगरला हाय. आन् तुमच्या लायनीला काय झालंच नव्हतं. काकांनी ती पेटी उघडली असंल बघ. त्यांनी ती ठोकली तेव्हाच मी बोललो व्हतो, पन ऐकतो कोन?"

विवेकनं फोन ठेवला. टीव्हीतली पोरं त्याला हाका मारत होती. चंदाबाई ओटीवर जाऊन आली. या घरात टॉवेल कधीही भिंतीवर वाळत नसे.

"अवो," ती हलकेच म्हणाली, "बोला की. पोरगा आपलाच हाय."

"काय बोलू? खोटारडा हाय तो कमलेश. आपलं पाप माज्या पेटीवर ढकलतोय."

"बाबा, राहू दे," विवेक म्हणाला. "पेटीनं झालं तरी काय बिघडलं? आता उघडी आहे ना, चालतंय ना, बस."

एवढी सूट बापानं लेकाला जन्मात कधी दिली नव्हती. लेकानं बापाला दिली. पण कृष्णाजीला त्यात दया दिसली, आणि दया त्याला शिवीपेक्षा झोंबली.

"पेटीनं काय झालेलं न्हाय!" तो गरजला. "माजी पेटी तीस-चाळीस वर्षं कुणाला नडली न्हाय. थांब, दाखवतोच."

चाव्या वाजवत तो ओटीवर गेला, टॉवेल ओढून फेकला, दार धाडकन लावलं आणि कुलूप घातलं.

मागच्या खोलीत ठाण्याचा पोरगा काहीतरी सांगत होता, तो शब्दाच्या मधेच तुटला. खोली एकदम शांत झाली. पडद्यावर, नेट नाही, अशी पाटी आली.

कृष्णाजी दारात परत आला. त्यानं पाटी वाचली. विवेकनं आणि चंदाबाईनं त्याच्याकडं बघितलं. अजूनही एका शब्दावर निभावलं असतं, अजूनही हसण्यावारी गेलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

"बघितलंस?" तो म्हणाला. "तू फोन केलास म्हणून चिडला तो. मुद्दाम कापलंन्."

विवेक हसला नाही. त्यानं मशीनच्या वायरी काढल्या, एकेक नीट गुंडाळल्या आणि बॅगेत ठेवल्या. चंदाबाई म्हणाली, कुलूप तोडते. तो म्हणाला, नको आई. संध्याकाळी तो नूतनशी फोनवर बोलला तो वाडीच्या बाहेर, रस्त्यावर जाऊन.

सकाळी पनवेलच्या एसटीला सोडायला कृष्णाजी थांब्यावर गेला. चंदाबाई आली नाही. तिनं डब्यात तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि ती मागच्या खोलीत जाऊन बसली. गाडी वळणावर दिसली तेव्हा कृष्णाजीनं खाकरून सुरुवात केली, "पुढल्या टायमाला येशील तेव्हा मी त्या कमलेशला बोलवून..."

"बाबा," विवेकनं त्याला पहिल्यांदाच मधे तोडलं. "मी नेट बघायला नव्हतो आलो. नेट काय, नव्वद टक्के गावांत येतं आता. माझ्या बायकोला मी या घरात आणू का, ते बघायला आलो होतो. तिला मी सांगितलंय, गावात रेंज नाही. तुम्हीही लोकांना तेच सांगा. मी तुमचं नाव खाली नाही पाडणार."

तो वाकून पाया पडला, बॅग खांद्याला लावली आणि गाडीत चढला. खिडकीची जागा रिकामी होती, तरी तो पलीकडच्या बाजूला बसला. एसटी धूळ उडवत म्हसळ्याच्या दिशेनं गेली आणि कृष्णाजी तिथंच उभा राहिला. धावत जावं, गाडी अडवावी, सगळ्या पॅसेंजरांसमोर कान पकडावेत, असं त्याला खरोखर वाटलं. पण पाय उचलला नाही.

दुकानाच्या फळीवरून रतननं हाक मारली, "किस्नाभाऊ, पोरगा गेला? मंग बिऱ्हाड घेऊन कवा येतोय? माजी कारभारीन सूनबाईची वाट बघतेय."

कृष्णाजी वळला. खरं ते वाक्य जिभेवर आलं होतं, अगदी दाताशी.

"न्हाय येत," तो म्हणाला. "गावात रेंज न्हाय रे. त्याच्या कामाला लागते तशी रेंजच न्हाय आपल्याकडं."

रतन गोंधळला. त्याच्या दुकानातही कमलेशचंच नेट होतं. बिस्किटांच्या बरण्यांवर एका खिळ्याला राउटर उघडाच टांगलेला होता. त्यानं हातातला मोबाइल पुढं केला. त्यावर क्रिकेटची मॅच चालू होती, एकेक चेंडू स्वच्छ, कुठं अडकत नव्हता.

"रेंज न्हाय कशी? ही बघा की, भाऊ. फुल हाय."

कृष्णाजी त्या पडद्याकडं बराच वेळ बघत राहिला. डोळ्यांत आलेलं पाणी रतनला दिसू नये म्हणून त्यानं तोंड रस्त्याकडं फिरवलं.

"तुजा मोबाइल खोटं दाखवतोय," तो म्हणाला.